एक गाडी, एक घास

मित्रांनो, मी एक जुनं, निळं, प्लास्टिकचं स्टूल आहे. या, बसा असं म्हणणार होतो, पण जरा थांबा. माझ्या एका पायाला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली दिसतेय ना? त्या बाजूला भार टाकू नका. थोडं इकडे सरकून बसा. हां, आता सांगतो.

माझा जन्म भाईंदर पूर्वेला एका गाळ्यात झाला. तिथे फुटक्या बादल्या, मोडके क्रेट, कुणाचं तरी टमरेल असं सगळं वितळवून साच्यात घालायचे आणि वरून निळा रंग. म्हणजे माझ्या अंगात नेमकं कोण कोण आहे, ते मलाच ठाऊक नाही. मला कधीकधी उगाचच खोल कुठेतरी पडल्यासारखं वाटतं. ती भीती बहुतेक बादल्यांची असावी.

गाळ्यातून मी हातगाडीवर आलो आणि हातगाडीवरून मीरा रोडला. वासंतीबाई तेव्हा परळची खोली विकून नुकत्याच इकडे राहायला आल्या होत्या. त्यांनी मला उलटं केलं, एकेक पाय ओढून पाहिला आणि विचारलं, "भैया, ये वजन कितना लेगा?"

"भाभी, हाथी बिठाओ."

"हाथी नहीं है. मिस्टर हैं."

"एक ही बात है भाभी, ले जाओ."

त्या दिवसापासून मला दोघांची धास्ती आहे, हत्तीची आणि मिस्टरांची.

मिस्टर म्हणजे ईश्वरराव. एका कंपनीत त्यांनी उभा जन्म हजेरीखातं सांभाळलं. कोण उशिरा आलं, कोण लवकर पळालं, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर. घरातही सगळं नियमाने. चहा नियमाने, अंघोळ नियमाने, भांडणसुद्धा जेवणाआधी नाही, जेवणानंतर. माझ्यावर चढायचे तेही आधी उजवा पाय, मग डावा, मग "अगं धर गं" अशी हाक. वासंतीबाई धरायच्या. मला नाही, त्यांना.

कामाची वर्षं चांगली गेली. पंखे पुसायला मी, माळ्यावरचा पाटा काढायला मी, गणपतीत मखराला लाइटच्या माळा लावायला मी. रत्नागिरीहून पाहुणे आले आणि खुर्च्या कमी पडल्या, की पुन्हा मीच. "या स्टुलाशिवाय आमच्या घरात पान हलत नाही," असं वासंतीबाईंनी शेजारणीला एकदा सांगितलं, तेव्हा मी इतका ताठ झालो की बसलेल्या पाहुण्याला वाटलं आपणच उंच झालो.

पुढे पिंटू इलेक्ट्रिशियन आला. हातात ड्रिल, कानाला मोबाईल, आणि माझ्यावर उभं राहून पलीकडच्या माणसाला तावातावाने काहीतरी समजावत होता. समजावताना पाय आपटायची सवय. कट्‌ असा आवाज झाला. पिंटू खाली उतरला, वाकून पाहिलं, केसाएवढी चीर पडली होती. मग शांतपणे त्याने मला फिरवलं, चिरेचा पाय भिंतीकडे केला आणि म्हणाला, "काकी, फॅन एकदम मक्खन."

घरात कुणालाच कळलं नाही. कळलं ते मला. मित्रांनो, आपल्यात एक तडा आहे आणि तो आपल्यालाच माहीत आहे, यासारखी झोप उडवणारी गोष्ट नाही. नंतर घरात घडीची शिडी आली. मी गॅलरीत गेलो, माझ्यावर मनीप्लांटची कुंडी आली. उन्हाने निळ्याचा पांढरट झालो. कुंडीचं वजन चढउतार करत नाही, तेवढंच समाधान होतं.

मग सान्वी जेवायला लागली, म्हणजे खरं तर जेवेनाशी झाली, आणि कुंडी गेली.

सान्वी ही ईश्वररावांची नात. मुलगा जितेंद्र आणि सून रसिका दोघंही अंधेरीला नोकरीला, त्यामुळे दिवसभर पोर आजी-आजोबांकडे. भरवायचं काम ईश्वररावांनी मागून घेतलं होतं. निवृत्तीनंतर मिळालेली त्यांची पहिली नेमणूक. पण पोरगी तोंड मिटून बसायची. एकदा कंटाळून ते तिला गॅलरीत घेऊन आले, कुंडी उतरवली, माझ्यावर बसले, तिला मांडीवर घेतलं. आमचा मजला वरचा, त्यामुळे लांबवर रूळ दिसायचे. गाडी गेली. सान्वीने 'आ' केला. ईश्वररावांनी घास घातला.

दुसरा कुणी असता तर गप भरवत राहिला असता. पण हे पडले हजेरीखात्याचे. त्यांनी तिथल्या तिथे नियम केला. "सान्वी, एक गाडी, एक घास. गाडी नाही, घास नाही. कळलं?"

सान्वीला कळलं. इतकं नीट कळलं, की पुढे घरादाराला पश्चात्ताप झाला.

सुरुवातीला सगळे खूश. वाटी रिकामी होत होती. रसिका तेवढी म्हणाली, "बाबा, ही सवय नंतर जड जाईल."

"अगं, रूळ कुठे पळून जातायत?"

रूळ नाहीच पळाले. समोर टॉवर उभा राहिला. आधी हिरवी जाळी, मग एकेक मजला. पहिल्यांदा गाडीची चाकं दिसेनाशी झाली, मग खिडक्या, मग टप. शेवटी गाडीच्या डोक्यावरचा तो वायरला टेकणारा लोखंडी हात तेवढा पळताना दिसायचा. सान्वीने तेव्हाही माणुसकी दाखवली. "अर्धी गाडी," म्हणाली, आणि अर्धा घास खाल्ला. पुढच्या स्लॅबला तोही हात गेला आणि तिने तोंड मिटलं ते मिटलंच.

डॉक्टरांकडे वजन केलं, ते उतरलेलं निघालं. घरी आल्यावर रसिकाने पर्स खाली ठेवली आणि सासऱ्यांकडे न बघताच म्हणाली, "पुढच्या महिन्यात परत वजन करायचंय. वाढलं नाही, तर मी तिला पाळणाघरात घालणार. तिकडे चार पोरांत बसली की जेवेल."

"घरी मी आहे ना?"

"म्हणूनच म्हणतेय, बाबा."

ईश्वरराव तिथून निघाले. गॅलरीत येऊन माझ्यावर बसले. खूप वेळ टॉवरकडे बघत राहिले. माणूस माझ्यावर बसला की त्याच्या मनातलं मला थोडं कळतं, सगळा भार तिकडूनच तर येतो. दिवसभर पोर घरात नसेल तर आपण करायचं काय, एवढंच त्यांच्या मनात चाललं होतं. मग ते उठले, मला काखेत मारलं आणि म्हणाले, "चला. गाडी दिसेल अशी जागा शोधू."

मी कधी घराबाहेर गेलेला नव्हतो. चिरेतून वारा गेल्यासारखं झालं.

पहिली जागा म्हणजे आमचीच गच्ची. सेक्रेटरी शशिकांत यांच्याकडून किल्ली आणली. वरून टॉवरच्या बाजूने रुळांचा एक तुकडा दिसत होता, पण तिथून बघायचं तर कठड्याला खेटून माझ्यावर उभं राहावं लागणार. कठडा कमरेएवढा. ईश्वररावांनी उजवा पाय उचलला, तेवढ्यात मागून वासंतीबाई आल्या. ओरडल्या नाहीत. मला नवऱ्याच्या पायाखालून ओढलं, गच्चीच्या मधोमध ठेवलं आणि वर बसल्या.

"ऊठ गं."

"नाही उठणार. मी उठले की तुम्ही चढणार."

"लोक बघतायत."

"बघू देत. विधवा बघण्यापेक्षा बरं."

ऊन उतरेपर्यंत त्या बसून होत्या. गच्ची बाद झाली.

मग प्लॅटफॉर्म. तिकीट काढून, बाकड्यावर बसून, मला शेजारी ठेवून, सगळं कायदेशीर. पण तिथे गाडी येते आणि थांबते. समोर थांबली की सान्वी वाटी उडवून चढायला धावायची. एकदा तिचा हात सुटला. दोनच पावलं गेली असेल, पण ईश्वररावांच्या कपाळावर जो घाम आला तो टपकन माझ्यावर पडला, इतका गार, की उन्हात ठेवलेल्या प्लास्टिकला हुडहुडी भरली. प्लॅटफॉर्मही बाद. हमरस्त्यावरच्या मेट्रोखाली नेऊन पाहिलं. सान्वीने मान वर केली आणि निकाल दिला, "गाडीचं नुसतं पोट दिसतं."

त्यानंतर पादचारी पूल. तिथे जाळीतून गाडी छान दिसते, आणि जाळी असल्यामुळे पडायची भीती नाही. ईश्वररावांनी बाजूला एक कोपरा गाठला, मला ठेवलं, माझ्यावर खिचडीचा डबा, शेजारी वाटी-चमचा. आता तुम्हीच सांगा, पुलावर एक माणूस स्टुलावर डबा मांडून उभा असेल तर लोकांनी काय समजायचं? एक बाई थांबली. "अंकल, खिचडी कैसे दिया?"

"विकायला नाही."

"सँपल है?"

दुसरा थांबला. त्याने चमचा उचलून वास घेतला आणि "घी कम है" असं सांगून गेला. तेवढ्यात जिन्याकडून शिट्टी आली. कमरेचे पट्टे विकणारा, मोबाईल कव्हरवाला, काकडीवाला, सगळ्यांनी चादरीची टोकं गोळा केली आणि पळाले. फेरीवाले उचलणारी माणसं आली होती. ईश्वररावांनी एका काखेत नात घेतली, दुसऱ्या काखेत मला, डबा दातात, आणि तेही पळाले. का पळतोय, हे त्यांना माहीत नव्हतं. सगळे पळत होते. सान्वी हसत होती, आणि मी एकेक पायरी मोजल्यासारखा जिन्याच्या कठड्यावर आदळत होतो.

खाली पोचल्यावर पट्टेवाला धापा टाकत म्हणाला, "अंकल, नया है क्या? कल से उस कोने में मत बैठना. वो मेरा है."

"मी बसत नाही. मी नातीला गाडी दाखवतोय."

"सब पहले यही बोलते हैं."

खिचडीचा एकही घास पोटात गेला नाही. आणि महिना संपत आला होता. मित्रांनो, घाबरलेला माणूस नियम सोडत नाही, शहाणपण सोडतो. ईश्वररावांचं तसंच झालं.

मीरा रोड आणि भाईंदरच्या मध्ये रुळांच्या कडेने एक भिंत आहे. तिला कुणीतरी भगदाड पाडलं होतं, माणूस वाकून जाईल एवढं. ईश्वरराव सान्वीला घेऊन त्या भगदाडापाशी उभे राहिले. मी त्यांच्या काखेत. पलीकडे खडी दिसत होती, रूळ चकाकत होते. त्यांनी आत डोकावलं. मी मनातल्या मनात म्हटलं, नको, नको, नको. मला तोंड नाही, पाय आहेत, पण तेही पळायचे नाहीत. देवाची कृपा, ते मागे झाले. "एवढा काही मी वेडा नाही," असं स्वतःशीच म्हणाले.

मग त्यांनी मला भिंतीला लावून, विटांच्या ढिगाऱ्यावर ठेवलं आणि नातीला कडेवर, खिचडीची वाटी हातात घेऊन माझ्यावर चढले.

उजवा पाय. मग डावा. "अगं धर गं" म्हणायला कुणी नव्हतं.

माझा अधू पाय नेमका एका फुटक्या विटेवर. चीर किंचित उघडली, मिटली, पुन्हा उघडली. लांबून भोंगा झाला. लांब पल्ल्याची गाडी होती, न थांबणारी. भिंत थरथरायला लागली, विटा थरथरल्या, मी थरथरलो. वाऱ्याचा लोट आला आणि सान्वीने आनंदाने दोन्ही हात भिंतीपलीकडे पसरले. तिचा तोल जाऊन सगळा भार माझ्या त्याच पायावर आला. मी काय करू शकत होतो? घट्ट धरायला मला हात नाहीत. मी फक्त तुटू नये एवढंच करत होतो.

"ओ काका. पोर द्या इकडे."

खाली शेवंती उभी होती. भिंतीलगतच्या चाळीत राहणारी, रायगडकडची, पायाशी धुण्याची बादली. हात वर केलेले.

"आत्ता उतरतो हो, एकच घास…"

"घास नंतर. पोर आधी."

आवाज असा होता की ईश्वररावांनी पोर दिली. शेवंतीने सान्वीला छातीशी धरलं आणि एक पाऊल मागे घेतलं. त्याच क्षणी माझा पाय कटकन गेला. ईश्वरराव आधी भिंतीला, मग विटांना आणि शेवटी खिचडीला भेटले.

त्यांच्या कानावर मुगाची डाळ होती.

"लागलं काय?" शेवंतीने विचारलं.

"नाही. म्हणजे, हो. पण नाही."

"मागल्या आठवड्यात एक फोटोवाला चढलेला, त्यालापण मीच खाली घेतला. तो एकटा तरी होता. तुम्ही पोर घेऊन चढलाव." तिने सान्वीच्या केसांवरून हात फिरवला. "घरी ठाऊक हाय?"

"नाही."

"मग सांगा. मी विचारीन हां, परत दिसलाव तर."

ईश्वररावांनी मान हलवली. माझा तुटलेला पाय उचलला, मला काखेत मारलं आणि नातीचा हात धरला.

त्यांनी घरी वासंतीबाईंना सांगितलं. सगळं सांगितलं, भगदाडासकट. वासंतीबाईंनी ऐकून घेतलं आणि कितीतरी वेळ कांदा चिरत राहिल्या. कांदा संपला तरी विळी चालूच. मग म्हणाल्या, "स्टूल टाकायचं की तुम्हाला, ते उद्या ठरवते."

सकाळी मी अजून घरात होतो आणि तेही होते. ईश्वररावांनी पाईपचा तुकडा आत घालून माझा पाय सांधला, वर चिकटपट्टी गुंडाळली. वासंतीबाईंनी अट घातली. यापुढे या स्टुलावर बसायचं. उभं राहायचं नाही, जिवंत असेपर्यंत. "आणि जागा मी दाखवते. माझी मासेवाली उत्तनहून भाईंदरच्या धक्क्याजवळ येते. मासे घेताना मला काय दिसतं, ते एवढ्या दिवसांत विचारलंत कधी?"

रविवारी आम्ही रिक्षाने भाईंदर पश्चिमेला गेलो. खाडीचा धक्का. समोर पाणी, आणि पाण्यापलीकडे लांबवर रेल्वेचा पूल. इकडून तिकडे आख्खी गाडी दिसेल, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मध्ये ना भिंत ना टॉवर. वासंतीबाईंनी आधी कठडा हलवून पाहिला, जमीन पायाने दाबून पाहिली, मग पाण्यापासून चांगलं लांब मला ठेवलं. ईश्वरराव बसले. नात मांडीवर, वाटी हातात.

आम्ही वाट बघत राहिलो.

गाडी येईना. पूल नुसता उन्हात उभा. वाटीतल्या दूधभातावर साय धरायला लागली. ईश्वररावांच्या मांड्या ताठ झाल्या, ते मला कळत होतं. शेवटी जाळं विणत बसलेल्या म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं.

"आज ब्लॉक हाय ना," तो मान वर न करता म्हणाला. "दुपारपातुर गाडी न्हाय."

उद्या सकाळी डॉक्टरांकडे वजन होतं. ईश्वररावांनी चमचा भरला. "सान्वी, आज गाडीला सुट्टी. असंच खा, राजा."

सान्वीला भूक लागली होती. घासाकडे बघून तिने आवंढा गिळला. पण मान हलवली आणि थेट त्यांच्याच सुरात म्हणाली, "गाडी नाही, घास नाही. कळलं?"

ईश्वररावांनी वाटी खाली ठेवली. ते मला इतके जड कधीच वाटले नव्हते. पिंटू ड्रिल घेऊन उभा होता तेव्हासुद्धा नाही. "माझंच चुकलं गं," ते वासंतीबाईंना म्हणाले. "जाऊ दे पाळणाघरात. निदान जेवेल तरी."

वासंतीबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. सुट्टीची गर्दी होती. मासेवाली होती, चार ओळखीच्या बायका होत्या. मग त्यांनी पदर खोचला, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि माझ्यापासून लांब जाऊन उभ्या राहिल्या. आयुष्यात ज्या बाईने कधी हळदीकुंकवाला उखाणासुद्धा मोठ्याने घेतला नाही, तिने दोन्ही कोपर वळवले आणि भोंगा दिला. असा दिला, की धक्क्यावरचे कावळे उडाले.

आणि त्या निघाल्या. झुकझुक नाही, हल्लीची गाडी कशी सूं करत येते तशा. माझ्यासमोरून गेल्या तेव्हा पंख्यासारखा वारा आला. सान्वीचं तोंड आपोआप उघडलं. ईश्वररावांचं त्याहून मोठं.

"अहो, बघताय काय? घास घाला. गाडी गेली."

त्यांनी घास घातला. सान्वीने गिळला. गाडी वळून परत आली. दुसरा घास. जाळंवाल्या म्हाताऱ्याने विचारलं, "बाय, ही गाडी नायगावला थांबंल काय?"

"फास्ट आहे," वासंतीबाई धावता धावता म्हणाल्या.

लोक जमले, मोबाईल निघाले, मासेवालीने टोपलीवरचं फडकं हिरव्या झेंड्यासारखं हलवलं. मला मात्र एकच घोर, बाई ओल्यावर घसरून पडतील. पण पडल्या नाहीत. वाटीचा तळ लागला तेव्हा त्या येऊन धपकन जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "नियम तुमचा, दमायचं मी." ईश्वररावांनी त्यांना पाणी दिलं.

त्या एका वाटीने वजन वाढलं असं मी सांगणार नाही. एका वाटीने काही वाढत नाही. पण डॉक्टरांकडून येताना ईश्वररावांनी रसिकाला सगळं खरं सांगितलं. भिंत, भगदाड, शेवंती, माझा पाय, आणि सासूबाईंची फास्ट गाडी. रसिकाचा चेहरा आधी पांढरा झाला, मग तिला हसू आवरेना, मग डोळे पुसले. "बाबा, अजून एक महिना," ती म्हणाली. "पण नियम रद्द. आणि भिंतीपाशी परत गेलात, तर पाळणाघरात तुम्हाला घालेन."

आता नियम असा काही नाही. घरी कधी सान्वीच गाडी होते, कधी सगळे दमलेले असले की नुसतीच जेवते. महिन्याने वजन थोडं चढलं. रविवारी आम्ही धक्क्यावर जातो.

मित्रांनो, तुम्हालाही गाड्या बघायला आवडतात, मला माहीत आहे. बघा. पण फार जवळ गेलं की गाडी दिसत नाही, नुसती भिंत पळाल्यासारखं होतं. लांबून ती पुरती दिसते, आणि आपण घरी परत येतो. भगदाड दिसलं तर त्यात डोकावू नका. माझ्यासारखा कुणी पायाखाली घेतलात, तर तो काही बोलू शकत नाही म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नका.

ईश्वरराव हल्ली माझ्यावर बसतात तेव्हा पुलाकडे बघतच नाहीत. लांब गाडी येते, सान्वी उड्या मारते, वासंतीबाई "आली आली" म्हणतात. ते मात्र तिच्या फ्रॉकचा मागचा घेर मुठीत पकडून, गाडी पूर्ण जाईपर्यंत, फक्त तेवढंच बघत असतात.